‘कमेन्समेंट’ आणि नुसती सुरुवात : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर, सप्रेम नमस्कार.

‘कमेन्समेंट’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ नुसती सुरुवात असा नाही आणि बोलताना साधा ‘बिगिन’ पुरतो, असे सांगणाऱ्या माझ्या लेखावर आपण निपाणीहून सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप असे : शब्दकोशात ‘बिगिन’ आणि ‘कमेन्स’ यांचा अर्थ एकच असताना मी उगाच कीस काढतो, अमेरिकेत शिक्षण संपल्यावरच्या पदवीदान समारंभाला ‘कमेन्समेंट’ म्हणतात, म्हणजे त्या शब्दाला ठाम अर्थच नाही, आणि खेड्यातील मुलांना भारदस्त शब्द टाळायला सांगणे म्हणजे त्यांना मागे ठेवणे होय.

पाऊस सुरू होतो, भांडण सुरू होते. त्याची तारीख कोणी आधी ठरवत नाही. ‘कमेन्समेंट’ मात्र बहुधा ठरवून दिलेला दिवस असतो आणि मुदत, हक्क व देणी त्या दिवसापासून मोजली जातात. बेळगावच्या खडेबाजारातील एखाद्या गाळ्याचा भाडेकरार घ्या. २० मार्चला किल्ली हातात येते, रंगकाम होते, फळ्या ठोकल्या जातात, पाटीही लागते. करारात मात्र ‘कमेन्समेंट डेट’ १ एप्रिल असते. भाडे १ एप्रिलपासून लागू होते आणि ११ महिन्यांची मुदतही तिथूनच धरली जाऊन फेब्रुवारीअखेर संपते. आपल्याकडे करार इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतो आणि मराठी दुकानदार बोट ठेवलेल्या जागी सही करून मोकळा होतो. मुदत किल्ली मिळाल्यापासून धरायची की करारातील तारखेपासून, हा वाद गाळा सोडताना उभा राहतो.

संविधानातही हेच दिसते. अनुच्छेद ३९४ नुसार नागरिकत्व, निवडणूक आयोग इत्यादींविषयीचे काही अनुच्छेद २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच लागू झाले आणि उरलेले २६ जानेवारी १९५० रोजी; तरी संविधानाचे ‘कमेन्समेंट’ म्हटले आहे ते या दुसऱ्या दिवसाला. अनुच्छेद ३४३ ने इंग्रजीला दिलेली १५ वर्षे तिथूनच मोजली गेली, म्हणून राजभाषेचा प्रश्न जानेवारी १९६५ मध्ये ऐरणीवर आला. कायद्यांच्या मराठी पाठांत यासाठी ‘प्रारंभ’ हा शब्द रुळला आहे आणि तो मला नेमका वाटतो. खरे तर सीमाभागातील माणसाला हा फरक समजावून सांगावा लागू नये : राज्य पुनर्रचना कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली ३१ ऑगस्ट १९५६ रोजी, पण चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला तो १ नोव्हेंबरला. त्या कायद्यातील शब्द ‘अपॉइंटेड डे’ म्हणजे नेमलेला दिवस असा आहे, तत्त्व तेच.

अमेरिकेचा दाखला तर माझ्याच बाजूचा आहे. मध्ययुगीन युरोपीय विद्यापीठांत पदवी म्हणजे शिकवण्याचा परवाना असे आणि ती घेणारा त्या दिवसापासून ‘मास्टर’ म्हणून ‘कमेन्स’ करी. ‘इन्सेप्शन’ हा शब्दही याच विधीसाठी वापरला जाई. शिक्षण संपल्याचा तो सोहळा नव्हता; नव्या दर्जाचा तो पहिला दिवस होता.

आता मुलांविषयी. ‘बिगिन’ हा इंग्रजीचा जुना घरचा शब्द. ‘कमेन्स’ फ्रेंचमधून आला, आणि १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर दरबारात व न्यायालयात फ्रेंचचेच चालत असल्याने त्याला तो कागदोपत्री थाट चिकटला. म्हणून खानापूरच्या एखाद्या मुलाने मुलाखतीत ‘आय कमेन्स्ड माय ब्रेकफास्ट’ म्हटले, तर समोरच्यावर छाप पडत नाही, त्याला हसू येते. ‘कमेन्स्ड टू स्पीक’ अशी रचनाही आज अवघडलेली वाटते. हा शब्द मुलांना शिकवू नये, असे मी कुठेही म्हटलेले नाही. करार, नोटीस आणि परिपत्रक वाचताना तो ओळखता यावा आणि बोलताना ‘बिगिन’ वापरण्यात कमीपणा वाटू नये, एवढेच माझे म्हणणे आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

उद्घाटनालाही ‘कमेन्समेंट’ म्हणावे काय, असे आपण शेवटी विचारले आहे. म्हणू नये, तिथे ‘इनॉगुरेशन’ हाच शब्द योग्य. उद्घाटन हा समारंभ आहे आणि काम त्याच दिवशी सुरू होते असे नाही. कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन बेळगावात २००६ मध्येच भरले होते; तिथल्या अधिवेशनांसाठी बांधलेल्या सुवर्ण विधानसौध या इमारतीचे उद्घाटन मात्र ११ ऑक्टोबर २०१२ रोजी झाले.