'झाडपाल्याला कसलं टेस्टिंग' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या बचत गटांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज लई फिरतोय, की पाळीच्या त्रासावरचं चूर्ण म्हणजे नुसता झाडपाला, साइड इफेक्ट शून्य, आपल्या आज्यांनी कुठं टेस्टिंग केलं होतं, लॅबचे रिपोर्ट म्हणजे कंपन्यांचं भाव वाढवायचं निमित्त. मी आयुर्वेद मानते, म्हणूनच हे खटकलं.

आधी झाडपाला म्हणजे कुठलं झाड ते तर बघा. पाळीत अंगावर जास्त जातं त्यावर अशोकाची साल देतात, तो सीता अशोक, केशरी-लाल फुलांच्या गुच्छांचा. आणि आपल्याकडं कंपाउंडच्या कडेनं जे सरळसोट उंच झाड लावतात त्यालाही अशोकच म्हणतात पण ते पार वेगळ्या कुळातलं आहे, खरा अशोक कमी झालाय, मागणी मोठी, मग सालीत ह्याची साल मिसळतात, ही भेसळ जुनी आहे. सालीचे तुकडे असले तर जाणकार वैद्य ओळखतील पण दळल्यावर कोण ओळखणार? तिथं मायक्रोस्कोप आणि टीएलसीच (अर्कातले घटक वेगळे करून दाखवणारी लॅबची चाचणी) लागते.

साइड इफेक्ट शून्य म्हणणाऱ्यांना एवढंच विचारते, मुळी जमिनीतून शिसं ओढून घेते त्याचं काय? आयुर्वेदिक फार्माकोपियात (औषधांचे दर्जे ठरवणाऱ्या सरकारी ग्रंथात) शिशाला 10 पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत 10 भाग), आर्सेनिकला 3, पाऱ्याला 1 आणि कॅडमियमला 0.3 अशी मर्यादा आहे ती उगाच नाही. 2008 साली छापून आलेल्या एका अभ्यासात अमेरिकेत ऑनलाइन मिळणारी 193 आयुर्वेदिक औषधं तपासली तर साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक निघालं. गरोदर बाईच्या पोटातलं शिसं बाळापर्यंत जातं हो.

आज्यांचं म्हणाल तर त्या शतावरी स्वतः ओळखून, खणून आणायच्या. चरकसंहितेतसुद्धा वनस्पती कुठल्या जमिनीतली, कुठल्या ऋतूत काढायची, कशी साठवायची हे सांगितलंय. पाकिटातल्या पावडरीचं ह्यातलं काय माहीत असतं आपल्याला?

आणि भाव वाढवायचं निमित्त? औषध बनवून विकायचं लायसन्स 1940 च्या औषधं-सौंदर्यप्रसाधनं कायद्यानं लागतं, कारखान्याची स्वच्छता, कच्च्या मालाची तपासणी हे त्याच्या नियमांतल्या शेड्यूल टी ह्या परिशिष्टात आहे. वैद्य स्वतःच्या पेशंटला बनवून देतात ते वेगळं.

रिपोर्ट चांगला म्हणजे माल खरा नि स्वच्छ, त्यानं तुमचा रक्तस्राव थांबेलच असं नाही. महिनोन्‌महिने अंगावर जातंय आणि तशीच विड्या वळत बसलेय अशी ताई तुमच्या ओळखीत असेल तर आधी तिचं हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी करून घ्या, आणि चूर्ण विकणाऱ्याला पाकिटावरचा लायसन्स नंबर, बॅच नंबर, घटकांची यादी दाखवायला सांगा, नसेल तर घेऊ नका.