आत्या, डावा हात दुखला तर घड्याळ नको बदलूस, १०८ लाव

फॅमिली ग्रुपवर आत्याने टाकलेला मेसेज थोडक्यात असा: पुरुषांनी घड्याळ उजव्या हातात घालावं, बायकांनी डाव्या. डाव्या मनगटातली नस म्हणे थेट हृदयात जाते, सेलचं रेडिएशन तिथून आत शिरतं, आणि डावा हात दुखायला लागला तर घड्याळ उजव्या हातात बांधून दहा मिनिटं शांत पडून राहायचं. काकांनी लगेच हात बदललासुद्धा! (घड्याळ आणि हात म्हटलं की काही जण निवडणुकीवर घसरतील, कृपया नको.)

सगळ्यात आधी ते दहा मिनिटांचं, कारण बाकी नुसता मूर्खपणा आहे पण हे जिवावर बेतेल. हृदयाकडून येणाऱ्या आणि हाताकडून येणाऱ्या संवेदना मणक्यात जवळजवळ एकाच ठिकाणी पोचतात, त्यामुळे त्रास हृदयाला असतो आणि दुखतो हात, बहुतेकदा डावा, पण कधी उजवा, कधी जबडा, कधी पाठ. आता साठीतल्या माणसाला घाम फुटलाय, छातीत दाबल्यासारखं होतंय, हात भरून आलाय, आणि तो पट्टा सोडून दुसऱ्या हातात बांधत बसलाय! अरे १०८ लावा ना, ईसीजी काढा, हार्ट अटॅकमध्ये एकेक मिनिट मोलाचं असतं.

नस थेट हृदयात जाते? जातेच की, उजव्या हाताचीही जाते, पायाचीही जाते, रक्त दुसरीकडे कुठे जाणार? आणि डाव्या मनगटाला एवढा धोका असेल तर बायकांनी तिथेच का घालायचं, त्यांना हृदय नसतं का?? नाडी बघताना पुरुषांचा उजवा आणि बायकांचा डावा हात घ्यायची पद्धत आहे खरी, पण ते वैद्याचं काम, त्यात घड्याळ कुठून आलं. सेल म्हणाल तर साध्या घड्याळाचा जेमतेम दीड व्होल्टचा असतो. आजोबांच्या एचएमटी जनताला तर सेलच नव्हता, रोज चावी द्यावी लागायची, आणि ती चावी तीनच्या आकड्याकडे, म्हणजे घड्याळ डाव्या हातात असलं की उजव्या हाताने सहज फिरते. डाव्या हाताचं एवढंच गुपित आहे. डावखुऱ्यांनी खुशाल उजव्या हातात घालावं.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. पेसमेकर असेल तर काळजी घ्यायचीच. अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये सांगितलंय की काही स्मार्टवॉच आणि मोबाइलमधल्या जोरदार मॅग्नेटमुळे पेसमेकरचं काम बदलू शकतं, म्हणून ते किमान सहा इंच लांब ठेवा. पण हे अंतर पेसमेकरपासून मोजायचं, मनगट डावं की उजवं हा प्रश्नच नाही. छातीवर हात ठेवून झोपलात तर दोन्ही हात सारखेच.

आणि काकांना उजव्याच हातात राहू द्यायचं असेल तर राहू दे, फक्त त्यांचं ते ईसीजीवालं घड्याळ आहे, सेटिंगमध्ये जाऊन मनगटही उजवं करून दे.