माशीचा अपवाद आणि बलकाचं नातं: निपाणीच्या सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप दोन. 'सगळ्या कीटकांत बलक व्हायटेलोजेनिनपासून बनतो' हे माझ्या लेखातलं वाक्य चुकीचं, कारण फळमाशीत ते प्रथिनच नाही. आणि रेशीमकिड्याच्या बलकाचं कोंबडीच्या बलकाशी नातं सांगणं ओढूनताणून आहे.

पहिला आक्षेप मान्य. 'सगळ्या' लिहायला नको होतं. दुसरा मात्र मान्य नाही, आणि तुमची माशीच माझ्या बाजूने साक्ष देते.

आधी किडा. चिकोडीकडे मामांच्या रेशीम शेडमध्ये मादीचा कोष कापून आतला प्युपा (अळी आणि पतंग यांच्यामधली अवस्था) मी मिठाच्या पाण्यात उघडला होता. खोबऱ्याच्या किसासारख्या पांढऱ्या चरबीत वाढत्या अंड्यांच्या आठ माळा गुंतलेल्या. एका टोकाचे मणी खसखशीहून बारीक, दुसऱ्या टोकाचे राईएवढे, पिवळसर. पतंग बाहेर आल्यावर काहीच खात नाही; म्हणजे चार-पाचशे अंड्यांचा शिधा अळीने खाल्लेल्या तुतीच्या पाल्यातूनच येतो. ती पांढरी चरबी म्हणजे कीटकाचं यकृतच म्हणा. व्हायटेलोजेनिन तिथे बनतं, साधारण 180 आणि 42 किलोडाल्टनच्या (प्रथिनाचं वजन मोजायचं एकक) दोन तुकड्यांत कापलं जातं, रक्तात उतरतं आणि वाढत्या अंड्यावरचे ग्राही, म्हणजे ते ओळखून पकडणारी प्रथिनं, त्याला आत ओढून घेतात. कोंबडीतही यकृत, रक्त, ग्राही हीच वाट.

पण नुसतं काम सारखं म्हणून मी नातं सांगत नाही. लॅम्प्रे या बिनजबड्याच्या जलचराच्या बलक-प्रथिनाची स्फटिकरचना, म्हणजे अणूंच्या मांडणीचा नकाशा, 1998 साली प्रसिद्ध झाली. त्यात बीटा-पट्ट्यांच्या (प्रथिनाच्या साखळीचे सपाट पदर) भिंतींची, चरबी धरून ठेवणारी पोकळी दिसते. कीटकांच्या व्हायटेलोजेनिनचा सुरुवातीचा मोठा भाग त्याच घडणीचा आहे. आपल्या रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारं अपोबी प्रथिनही याच घराण्यातलं.

आता माशी. फळमाशीची तिन्ही बलक-प्रथिनं जेमतेम 45 किलोडाल्टनच्या आसपासची, आणि घराणं वेगळं: चरबी पचवणाऱ्या लायपेज विकरांचं. पचवण्याची ताकद मात्र गेलेली, कारण विकराच्या मोक्याच्या जागेवरचं सेरीन हे अमिनो आम्ल तिथे नाही. पण त्यांना अंड्यात घेणारा ग्राही पाहा. तो डासाच्या व्हायटेलोजेनिन-ग्राहीचा सख्खा भाऊबंद आहे! दरवाजा जुनाच राहिला, आत येणारा माल बदलला. आणि डास तर माशीच्याच द्विपंखी गणातला. एडिस डासाची मादी रक्त प्यायली की आजही व्हायटेलोजेनिनच बनवते. म्हणजे माशीच्या पूर्वजांकडे ते होतं, मागाहून सुटलं. आपल्याकडूनही सुटलंच की. माणसाच्या जनुकसंचात त्याचे मोडके अवशेष तेवढे उरलेत, अंडी घालणाऱ्या प्लॅटिपसकडे मात्र एक जनुक अजून चालू आहे.

लेखातलं वाक्य आजच बदललं. आता ते असं आहे: 'बहुतेक कीटकांत बलक व्हायटेलोजेनिनपासून बनतो, फळमाशी आणि तिच्या जवळच्या माश्यांत ते काम लायपेजच्या घराण्यातल्या प्रथिनांकडे गेलं.'