हिरवाई वाढली म्हणजे जैवविविधता टिकली असं नाही

‘उपग्रहच सांगतात, पृथ्वी हिरवी होतेय. शेतीमुळे देशी झाडोरा संपतो हा कांगावा आहे,’ असा मेसेज सगळीकडे फिरतो आहे. त्यातली हिरवाई वाढल्याची गोष्ट खरी आहे, निष्कर्ष चुकीचा.

हिरवाईचा आकडा २०१९ सालच्या अभ्यासातला. २००० ते २०१७ या काळात जगातलं पानांचं क्षेत्र सुमारे ५ टक्क्यांनी वाढलं. पण त्याच अभ्यासानुसार भारतातली ८२ टक्के वाढ पिकांखालच्या जमिनीतली आहे, म्हणजे पाणी, खत आणि वर्षातून दोन-तीन पिकं यांची. ही हिरवाई मोजणारं उपग्रहावरचं मोडिस उपकरण जमिनीवरून परतणारा लाल आणि निकट-अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश मोजतं. त्याला पान कळतं, जात कळत नाही. भरात आलेला ओलिताचा मका त्याला कितीतरी जातींच्या माळरानापेक्षा हिरवा दिसतो.

‘बांध, ओढाकाठ तर तसेच आहेत,’ असंही म्हणतात. हे उपग्रहाच्या नकाशावरून सांगताच येत नाही. त्यातला एक ठिपका ५०० मीटरचा, म्हणजे २५ हेक्टरांचा. २ मीटर रुंद बांध त्यातून आरपार गेला तरी भरतो १,००० चौरस मीटर, जेमतेम ०.४ टक्के. झाडोऱ्यासकट तो सपाट केला तरी आकडा हलत नाही.

‘जातींची संख्या घटलेली नाही.’ दहा देशी जाती गेल्या आणि गाजरगवत, घाणेरीसारख्या दहा परक्या आल्या, तर बेरीज तीच राहते. म्हणून देशी जाती वेगळ्या मोजायच्या, प्रत्येकीचं आच्छादन, म्हणजे ती जमिनीचा किती भाग झाकते, ते टक्क्यांत लिहायचं आणि तशाच माती-पावसाच्या, न नांगरलेल्या तुकड्याशी ताडून पाहायचं. जुनी झाडं उभी आहेत एवढ्यावर समाधान मानू नये; खाली रोपं नसतील तर ती जात तिथून जाण्याच्या वाटेवर आहे.

‘झाडं तर लावतोय!’ नैसर्गिक गवताळ माळावर निलगिरी लावणं हीसुद्धा हानीच.

खरी मोजणी जमिनीवरच होते. जमिनीवर चौकट आखून तिच्यातल्या जाती मोजायच्या: गवत आणि झुडपांची रोपटी यांसाठी १×१ मीटर, मोठ्या झुडपा-झाडांसाठी १०×१० मीटर. चौकटींच्या जागा मोजणीला निघण्याआधीच नकाशावर चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात, नाहीतर सगळ्या चौकटी वाटेकडेला पडतात आणि तिथे तणच जास्त असतं. कोपऱ्यांत लोखंडी खुंट्या पुराव्यात, म्हणजे पुढच्या फेरीला तीच जागा सापडते. पावसाळ्यात एक आणि कोरड्या दिवसांत एक अशा दोन फेऱ्या हव्यात. एकाच उन्हाळी फेरीत वर्षायू (एका वर्षातच उगवून मरणाऱ्या) वनस्पती हातून सुटतात. आच्छादनाचा अंदाज माणसागणिक बदलतो, तेव्हा सुरुवातीच्या चौकटी दोघांनी वेगवेगळ्या मोजाव्यात आणि आलेला फरक नोंदवहीत लिहून ठेवावा.