लॉग म्हणतो ७६ टक्के, मग लेखात २०-२५ टक्केच का?

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: समुद्रतळाखालच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या एनजीएचपी-०१-१० या बोअरचा रोधकता-लॉग (गाळ विजेला किती अडवतो याची खोलीगणिक नोंद) पाहता गाळातल्या छिद्रांचा पाऊण भाग हायड्रेटने, म्हणजे मिथेन कोंडलेल्या बर्फासारख्या घनाने, भरलेला निघतो, आणि लेखात २०-२५ टक्के लिहून साठा उगाच कमी दाखवला आहे. लॉग बरोबरच आहे. सूत्र मात्र भलत्याच गाळाला लागलंय.

तुम्ही आर्चीचं सूत्र वापरलंत, म्हणजे रोधकतेवरून छिद्रांत पाणी किती ते काढणारं. सच्छिद्रता ०.६, छिद्रातल्या खाऱ्या पाण्याची रोधकता ०.२ ओहम-मीटर आणि सूत्रातले दोन्ही घातांक २ धरले, तर नुसत्या पाण्याने भरलेला गाळ ०.५६ ओहम-मीटर दाखवेल. लॉगवर १० दिसले की ०.५६ ला १० ने भागून आलेल्या ०.०५६ चं वर्गमूळ काढायचं: पाणी २४ टक्के, हायड्रेट ७६. आकडेमोडीत खोट नाही. पण हायड्रेट छिद्राछिद्रांत सारखं पसरलंय, हे त्यातलं गृहीतक इथे टिकत नाही. हा चिकणमातीचा गाळ आहे. हायड्रेट तिच्या कणांमधल्या बारीक छिद्रांत न शिरता जवळजवळ उभ्या भेगांमध्ये पापुद्र्यांसारखं साचलंय. उपकरणाचा विद्युतप्रवाह बोअरभोवती आडवा फिरतो आणि प्रत्येक पापुद्र्यावर अडतो. पापुद्रा बोटभर जाडीचा का असेना, रोधकता उसळते.

खरा निवाडा दाबबंद गाभ्याचा, म्हणजे खालचा दाब कायम ठेवून बंद नळीत वर आणलेल्या गाळाच्या नमुन्याचा. १ मीटर लांब, ५ सेंटिमीटर व्यासाच्या गाभ्याचं आकारमान १.९६ लिटर, त्यात छिद्रं १.१८ लिटर. त्यातली २० टक्के हायड्रेटने भरली असतील तर हायड्रेट ०.२४ लिटर, आणि एक लिटर हायड्रेटमागे १६४ लिटर वायू या हिशोबाने सुमारे ३९ लिटर मिथेन. ७६ टक्के असतं तर दीडशे लिटरच्या आसपास निघालं असतं! दाब हळूहळू सोडायचा, प्रत्येक टप्प्यावर वायू मोजायचा, आणि पाण्यात विरघळलेलं मिथेन (एवढ्या खोलीवर लिटरमागे साधारण दीड लिटर) वजा करायचं. चुका होतात त्या दोनच ठिकाणी: नळीची झडप नीट न मिटल्याने वायू आधीच निसटतो, किंवा नळी अर्धी रिकामी असताना गाभा पूर्ण लांबीचा धरला जातो. दोन्हींत आकडा खऱ्याहून कमी येतो, म्हणून नळीचा एक्स-रे आणि दाबाची नोंद पाहिल्याशिवाय मोजमाप ग्राह्य धरत नाहीत.

क्लोराइडचा, म्हणजे छिद्रांतल्या पाण्याच्या खारटपणावरून हायड्रेट किती ते काढण्याचा, मुद्दा तुम्ही काढलात तो रास्त आहे. हायड्रेट मीठ बाहेर टाकतं, वितळलं की पाणी गोडावतं. पण नमुना भेगेवरचा की भेगेशेजारचा, यावर उत्तर पार बदलतं.

लेखात हे सगळं एका वाक्यात उरकलं, ती मात्र चूकच. २०१५ च्या दुसऱ्या मोहिमेत 'चिक्यू' जहाजाने याच खोऱ्यात वाळूचे हायड्रेटयुक्त थर गाठले. तिथे हायड्रेट कणांमधल्या छिद्रांतच असतं, तेव्हा तुमची रीत तिथे चालेल. फक्त आधी रोधकता-प्रतिमा (बोअरच्या भिंतीचं रोधकतेवरून काढलेलं चित्र) पाहा: तीवर उंच, उजळ लाटा दिसल्या तर त्या भेगा आहेत, आणि त्या पट्ट्यात आर्ची बाजूला ठेवा.