अमेरिकेचं काय अडलं?

"अगं, फूट-पाउंडात मोजून त्यांनी माणूस चंद्रावर नेऊन आणला. त्यांचं काय अडलं? आणि आपण बसलोय आर का गुंठा करत!" दादाचं हे बोलणं गेल्या महिन्यात फोनवर ऐकलं, तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

विषय होता आमच्या सिन्नरजवळच्या शेताच्या वाटणीचा. बाबांनी हयातीत तोंडी सांगून ठेवलं होतं, विहिरीकडचे वीस गुंठे धाकट्या काकांच्या मुलाला द्यायचे. कागद करायची वेळ आली तेव्हा मसुद्यात '०.२०.०० हे.आर', म्हणजे शून्य हेक्टर वीस आर, असं लिहिलं गेलं. वीस म्हणजे वीसच, असं धरून सगळ्यांनी माना डोलावल्या. पण गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सुमारे १०१.१७ चौरस मीटर. आणि आर म्हणजे नेमके १०० चौरस मीटर. वीस गुंठ्यांत हा फरक २३.४ चौरस मीटरवर जातो. तेवढ्या जागेत दोन खोल्या उठतात. चुलतभावाने कॅल्क्युलेटर काढून हिशेब मांडला, आवाज चढले, आणि आई उठून आत निघून गेली. दादाचा सगळा राग मीटर-किलोची, म्हणजे मेट्रिक, मापं आणणाऱ्या कायद्यावर आहे. कायद्याने मापं बदलतात, माणसं बदलत नाहीत. मग कशाला हा खटाटोप, असं त्याचं म्हणणं. गावाकडे आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर हे मत नेहमी ऐकू येतं, आणि पुरावा म्हणून दर वेळी अमेरिकाच पुढे केली जाते.

मी त्या अमेरिकेत, ओहायोत, एकोणीस वर्षं राहते. मशीनचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइनचं काम करते, म्हणजे मोजमाप हे माझं पोटापाण्याचं काम. म्हणून दादाला आणि त्याच्यासारखं बोलणाऱ्या सगळ्यांना मनापासून सांगते: इथे रोज अडतं.

आमच्या शॉपमध्ये प्रत्येक बाकावर पान्यांच्या दोन पेट्या असतात, एक मिलिमीटरची आणि एक इंचाची. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. अर्धा इंच रुंद डोक्याच्या बोल्टवर १३ चा पाना बसतो, पण किंचित सैल. घाईत जोर लावला की बोल्टचे कोपरे घासून गोल होतात आणि मग तो कापूनच काढावा लागतो. गाड्यांचे भाग बहुतेक मेट्रिक, इमारतीचं सामान फुटांत, आणि आमच्यासारखे मधले कारखाने दोन्हींत. ड्रॉइंगवरचा एकेक आकडा आम्ही दोनदा तपासतो. ते तास कुठल्याच बिलात दिसत नाहीत, पण ते जातात. आणि चंद्राचं म्हणशील दादा, तर अपोलोच्या संगणकातलं गणित आतून मेट्रिकमध्येच चालायचं. अंतराळवीरांना सवयीचे आकडे दिसावेत म्हणून ते पडद्यावर फुटांत करून दाखवले जात.

पाने-बोल्टांचं एक वेळ सोडून देऊ. माझी मुलगी तीन वर्षांची होती तेव्हा आई इथे आली होती. पोरीला ताप भरला. मी कामावर. दवाखान्यात फोन केला तर तिथून सांगितलं, "एक टीस्पून द्या." मी तेच आईला फोनवर सांगितलं. स्वयंपाकघराच्या खणात मापाचे चमचे एका कडीत ओवलेले होते. आईने त्यातला जो चमचा औषधाचा वाटला तो घेतला. तो टेबलस्पून होता. टीस्पूनमध्ये ५ मिलिलिटर मावतं, टेबलस्पूनमध्ये १५. म्हणजे तिप्पट औषध. संध्याकाळी बाटलीची पातळी बघून माझ्या लक्षात आलं आणि हातपाय गार पडले. विषबाधेच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी पोरीचं वजन विचारलं. मला ते पाउंडांत ठाऊक होतं, २९. त्यांना हवं होतं किलोत, कारण औषधाची मात्रा किलोवर ठरते. थरथरत्या हाताने भागाकार केला, तेरा किलोच्या जरा वर आलं. सुदैवाने धोका नव्हता. आईने मात्र पुढे कित्येक दिवस नातीला स्वतःच्या हाताने औषध दिलं नाही.

ही चूक आईची नव्हती. टीस्पून-टेबलस्पूनमध्ये मोजणाऱ्या आईवडिलांकडून मात्रा चुकण्याची शक्यता मिलिलिटर वापरणाऱ्यांच्या दुप्पट असते, असं इथल्याच बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात २०१४ साली छापून आलं. पुढच्या वर्षी बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने मुलांची पातळ औषधं फक्त मिलिलिटरमध्येच लिहावीत, अशी भूमिका जाहीर केली. सल्ला म्हणून. इथे या विषयात सगळं सल्ला म्हणूनच होतं, आणि माझ्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ तिथेच आहे.

अमेरिकेने मेट्रिक नाकारलं, हा आपल्याकडचा समज खरा नाही. १८६६ मध्येच इथल्या काँग्रेसने मेट्रिक मापं कायदेशीर केली. १८७५ च्या मीटर करारावर सुरुवातीला सह्या करणाऱ्या सतरा देशांत अमेरिका होती. १८९३ पासून इथला यार्ड आणि पाउंड यांची अधिकृत व्याख्याच मीटर आणि किलोग्रॅमवरून केली जाते. आज इंच म्हणजे नेमके २.५४ सेंटिमीटर. डिसेंबर १९७५ मध्ये अध्यक्ष फोर्ड यांनी मेट्रिक परिवर्तनाच्या कायद्यावर सही केली. पण त्या कायद्यात शब्द होता 'ऐच्छिक'. तारीख नव्हती, सक्ती नव्हती, आणि त्यासाठी नेमलेल्या मंडळाला अधिकारही नव्हते. १९८२ मध्ये रेगन यांच्या काळात ते मंडळच गुंडाळलं गेलं. १९८८ च्या कायद्याने मेट्रिकला व्यापाराची 'पसंतीची' पद्धत ठरवलं, आणि ते पसंतीपुरतंच राहिलं. ॲरिझोनात टुसॉनहून नोगालेसला जाणारा महामार्ग आहे, आंतरराज्य १९. मी त्यावरून गेले आहे. अंतराच्या पाट्या किलोमीटरमध्ये आणि वेगमर्यादेच्या पाट्या मैलांत. गाडी चालवताना पाटी बघून 'किती वेळ लागेल' हा साधा हिशेब जमत नाही. त्या काळातल्या उत्साहाची एवढीच खूण शिल्लक आहे.

अर्धवट बदल किती महाग पडू शकतो हे शेजारच्या कॅनडाने जुलै १९८३ मध्ये पाहिलं. देश मेट्रिककडे वळत होता, नवं बोईंग ७६७ किलोवर चालणारं, आणि इंधनाचा हिशेब करणाऱ्यांनी लिटरचं वजन काढायला जुना पाउंडाचाच आकडा धरला. २२,३०० किलो हवं होतं तिथे निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान उडालं आणि ४१,००० फुटांवर इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत नेऊन गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, कोणी दगावलं नाही. पण त्याला व्यवस्थेचं यश म्हणता येणार नाही.

आता आपल्याकडे या. वजनमापांचा कायदा १९५६ चा. त्याआधी १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आणायचं ठरलेलं होतंच. १ ऑक्टोबर १९५८ पासून ठरावीक भागांत किलो सुरू झाला, जुनी आणि नवी वजनं काही काळ बरोबरीने चालू दिली आणि १ एप्रिल १९६२ नंतर देशभर जुन्या वजनांना कायद्याने जागा उरली नाही. १९६१ च्या जनगणनेत साक्षरता २८ टक्क्यांच्या आसपास होती. दहांतल्या सात माणसांना लिहितावाचता येत नाही अशा देशाने शेर, मण, तोळे सोडले. घरोघर शाळा शिकलेल्या देशाला पाउंड सोडता आला नाही. या गोष्टीचा मला अभिमान वाटतो आणि तो इथे कुणासमोर बोलून दाखवायला मी कचरत नाही.

आजोबांचं आठवडी बाजारात किराणा दुकान होतं. आजी सांगायची, नवी लोखंडी वजनं आली तेव्हा आजोबांनी लक्ष्मीपूजनाला ती वहीशेजारी मांडली आणि जुनी शेर-अच्छेराची वजनं गोणीत बांधून जमा केली. गिऱ्हाइकाच्या तोंडी शब्द तेच राहिले. आजही भाजीवाली "पावशेर मिरच्या" म्हणते आणि काट्यावर २५० ग्रॅम ठेवते. जुना पावशेर होता २३३ ग्रॅमचा. शब्द राहिला, त्याच्या आतलं माप बदललं आणि कुणाचं नुकसान झालं नाही. तोळ्याचंही तसंच: मूळ तोळा ११.६६ ग्रॅमचा, आता सराफाच्या दुकानात सरळ दहा ग्रॅमचा. कायद्याने लोकांच्या जिभेला हात लावला नाही, तराजूला लावला. दादा म्हणतो त्याच्या हे नेमकं उलट आहे.

आणि जिथे तराजूला हात लावायचा राहिला, तिथे आपणही अमेरिकाच आहोत. जमीन आणि घर. सातबारा हेक्टर-आरमध्ये, रेडी रेकनर (सरकारी दरांचा तक्ता) चौरस मीटरमध्ये, पण बोली गुंठ्यात आणि फुटांत. पुण्यात आम्ही आईसाठी फ्लॅट बघत होतो. दलाल तोंडी म्हणाला "साडेनऊशे". कराराच्या मसुद्यात कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, होता ५८.०६ चौरस मीटर, म्हणजे ६२५ चौरस फूट. समोरच्या आकड्याला १०.७६४ ने गुणल्याशिवाय आईला हे कळणार तरी कसं? रेराने, म्हणजे घरबांधणी-विक्रीवर देखरेख ठेवणाऱ्या कायद्याने, कार्पेट एरियावर बोट ठेवलं हे मोठं काम झालं. पण आयुष्याची कमाई ज्या वस्तूवर घालायची तिचा भाव एका मापात ऐकायचा आणि सही दुसऱ्या मापावर करायची, ही फट कुणाच्या फायद्याची आहे ते उघड आहे. २००९ च्या वैधमापन कायद्याने वस्तू आणि सेवेचा भाव प्रमाणित मापाखेरीज सांगायला, छापायला मनाई केली आहे. तीच शिस्त घर-जमिनीला, तारीख ठरवून, लावायला हवी. जाहिरातीत, दरपत्रकात, फलकावर आधी चौरस मीटर. तोंडाने खुशाल गुंठा म्हणा, सुतारकामात सूत म्हणा, आठ बाय चारची प्लाय म्हणा. पैसे ज्या आकड्यावर मोजायचे तो आकडा एकच असला पाहिजे.

यावर दादा म्हणेल, अशाने शेतकऱ्यावर आणखी एक कागद लादला जाईल. त्याची ही काळजी खोटी नाही. पण आमच्या घरातलं भांडण आर या मापामुळे झालेलं नाही. दोन मापं एकाच आकड्यामागे लपली म्हणून झालं.

मोजणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. विहिरीकडचा तुकडा २०२३.४ चौरस मीटर असा वाटणीपत्रात अक्षरी आणि अंकी लिहा, पुढे कंसात वीस गुंठे लिहा, बाबांचा शब्द तोच होता, असं मी दादाला आणि चुलतभावाला दोघांनाही कळवलं आहे. चुलतभावाचा होकार आला. दादाने अजून उत्तर दिलेलं नाही, पण आईकडून कळलं, त्याने मोजणीवाल्यांना त्या दिवशी घरी जेवायला सांगितलं आहे.