रिपॉझिटरी जोडल्याने शोधनिबंध स्कोपसमध्ये जात नाहीत

सोलापुरातल्या प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश जोरात फिरतो आहे. विद्यापीठाची रिपॉझिटरी, म्हणजे शोधनिबंध आणि प्रबंध ठेवायचं ऑनलाइन भांडार, स्कोपस या शोधनिबंधांच्या सशुल्क सूचीला जोडली की भांडारातले सगळे शोधनिबंध आपोआप स्कोपसमध्ये दिसतात, सायटेशन (इतरांनी निबंधाचे दिलेले संदर्भ) वाढतात, एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत गुण मिळतात. काम अर्ध्या तासाचं, फक्त एपीआय की (दोन प्रणाली जोडायचा परवलीचा संकेत) टाकायची, असं त्यात म्हटलं आहे. मी ग्रंथालयात काम करतो. त्यावर विसंबून महाविद्यालयं कामाला लागली तर वेळ आणि पैसा दोन्ही वाया जाईल, म्हणून हे लिहितो आहे.

स्कोपस निवडतं ती नियतकालिकं, त्यासाठी त्यांचं तज्ज्ञ मंडळ आहे. जर्नल त्यांच्या यादीत असेल तर निबंध तिथे पोचतोच, रिपॉझिटरी असो वा नसो. नसेल तर मागच्या दाराने शिरता येत नाही. जोडणीत माहिती उलट वाहते: आपली प्रणाली निबंधाचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळखक्रमांक, पाठवते, तिकडून सायटेशनचा आकडा येतो आणि नोंदीशेजारी दिसतो. रिपॉझिटरी चालवायच्या डीस्पेस या सॉफ्टवेअरच्या सातव्या आवृत्तीत स्कोपसमधून किंवा डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफमधून नोंदीचा तपशीलही ओढून घेता येतो. पण तेही बाहेरून आत.

आकडा दाखवल्याने तो वाढत नाही. एनआयआरएफ प्रकाशनांची माहिती स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या तशाच दुसऱ्या सूचीमधून थेट घेतं, आपल्या पानावर काय झळकतं ते बघत नाही.

आता अर्ध्या तासाचं. की टाकायला तेवढाच वेळ लागतो, पण जुळणी व्हायला नोंदी स्वच्छ लागतात. डीओआयच्या रकान्यात कुणी अख्खी लिंक चिकटवलेली असते, कुणी आधी ‘डीओआय’ असं टाइप केलेलं असतं, कुणाच्या शेवटी पूर्णविराम राहिलेला असतो. त्या एका टिंबापायी जुळणी फसते आणि आकड्याच्या जागी काहीच दिसत नाही. संस्थेच्या नावाने शोधायला जावं तर आणखी गुंता: २००४ पूर्वी इथली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली, मग सोलापूर विद्यापीठ, २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. एकाच सरांचे निबंध तीन नावांखाली विखुरतात. ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळखक्रमांक, प्रत्येकाने काढून नोंदीत भरला, तर निदान लेखक तरी एकच ओळखला जातो.

स्कोपसच्या वर्गणीशिवाय काही होत नाही, हा समजही या संदेशामुळे पसरतो आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ओपनॲलेक्स या शोधनिबंधांच्या सूचीचा डेटा मुक्त आहे, डीओआयवरून सायटेशनचा आकडा तिथेही मिळतो. त्यात उणिवा आहेत, तरी माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी.

संदेशात जे मुळीच नाही तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. यंत्रमाग, विडी कामगार बायका, डाळिंबावरचा तेल्या रोग यांवर मराठीत लिहिलेल्या प्रबंधांना बहुधा डीओआयच नसतो. स्कोपसची जोडणी त्यांच्या काहीच कामाची नाही. त्यांना वाचक मिळू शकतो तो गूगल स्कॉलर या गूगलच्या शोधनिबंध शोधायच्या साधनातून. गूगल स्कॉलरला एपीआय नाही, त्याचा क्रॉलर, म्हणजे संकेतस्थळांवर फिरणारा प्रोग्राम, स्वतः येऊन पान वाचतो. पानाच्या कोडमध्ये शीर्षक, लेखक, वर्ष आणि पीडीएफचा पत्ता ठरलेल्या टॅगमध्ये असावा लागतो, आणि पीडीएफमधला मजकूर वाचता यावा लागतो. इथेच आपलं घोडं अडतं. जुने प्रबंध युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेले आहेत. पडद्यावर ‘हातमाग’ नीट दिसतं, पण तोच शब्द कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांचा काला हाती येतो, आणि क्रॉलरलाही तोच दिसतो. असे प्रबंध युनिकोडमध्ये आणणं हे खरं काम आहे. त्याला माणसं लागतात, महिने लागतात, आणि निधी मागायचाच असेल तर तो यासाठी मागावा.

तोवर प्राध्यापक मंडळींनी एक करावं. जर्नलने स्वीकारलेला शेवटचा मसुदा, वर्डमधला, जपून ठेवावा आणि डीओआयसकट आमच्याकडे द्यावा. प्रकाशकाची छापील पीडीएफ पुष्कळदा रिपॉझिटरीत टाकता येत नाही. हा मसुदा बहुतेक प्रकाशक, काही वेळा ठरावीक मुदतीनंतर, टाकू देतात.